दुखवट्यातलं लग्न

अप्पा होते तोवर माझं लग्न परवडतच नव्हतं. ते बमरोलीच्या मिलमध्ये कापड रंगवायचे. घरी मांडव, बँड, गावजेवण असा विषय निघाला की मान खाली घालून बसायचे. नातेवाईक वर म्हणायचे, "सुकदेव, पहिली पोर आहे, नाक कापून घेऊ नकोस."

गेल्या श्रावणात अप्पा गेले. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आमच्यात रिवाज आहे. आणि दुखवट्यातल्या लग्नात कुणी थाटमाट मागत नाही.

आता तेच नातेवाईक आईला म्हणाले, "सुभद्रा, बँड कशाला? इथंच डिंडोलीच्या मंदिरात उरक. वरण-बट्टी घाल, झालं. कोण नावं ठेवणार?" मुलाकडच्यांनीही माना डोलावल्या. हेच अप्पांसमोर बोलायला यांची जीभ झडली होती का?

चैत्रात मला हळद लागली. ती मावशीनं लावली, कारण विधवेनं लावायची नसते. आई लांब कोपऱ्यात बसली होती. माझ्याकडे ती बघतही नव्हती. तिची नजर दारात बारावीचं पुस्तक घेऊन बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीवर, रुपालीवर खिळली होती.

मी हळदीच्या अंगानं आईजवळ जाऊन बसले. "काय गं आई?"

"वर्षश्राद्धाला अजून चार महिने आहेत," आई हळूच म्हणाली. "तेवढ्यात हिचंही उरकलं, तर कुणी काही बोलणार नाही."