टाचेखाली तीन मिनिटं

मी चेंडू बोलतोय. क्रिकेटचा नव्हे हो, लगेच बॅट शोधू नका! मी गोल्फचा. लिंबाएवढा, पांढरा, अंगभर खळ्या असलेला. आणि बड्या लोकांच्या क्लबातला तर मुळीच नाही. आमचं मैदान नगरपालिकेचं. तिथे न्हावी खेळतो, बसचालक खेळतो, निवृत्त नर्सबाई खेळतात. हिरवळीला जागोजागी टक्कल पडलंय, भोकांवरचे झेंडे विटलेत, पण तिकीट काढलं की कुणीही खेळावं.

माझे मालक प्लंबर. सगळे त्यांना दादा म्हणतात. पाइपांवर खुणा करायच्या हिरव्या पेनानं त्यांनी माझ्यावर दोन ठिपके काढले. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून तिथे प्रत्येकजण अशी खूण करतो. पहिल्यांदाच कुणीतरी मला 'माझा' म्हटलं. मी हुरळून गेलो, खोटं कशाला सांगू?

दादांचा धाकटा भाऊ छोटू. छप्पन्न वर्षांचा घोडा, चष्म्याच्या दुकानाचा मालक, पण दादांसाठी छोटूच. त्याचं कोपर धरून त्याला खेळ शिकवला दादांनी. आणि चहाच्या खोलीत वार्षिक विजेत्यांची जी फळी आहे, तिच्यावर नाव रंगवलं गेलं छोटूचं. एकदा नाही, चारदा! दादांचं एकदाही नाही.

यंदा डॉक्टरांनी दादांना सांगून टाकलं, "गुडघा बदलायचाय. त्यानंतर गोल्फ विसरा."

"एकदा फळीवर नाव लागू दे," दादा म्हणाले, "मग गुडघा काय, मुंडकं बदला."

वार्षिक स्पर्धेच्या दिवशी मी जीव तोडून पळालो. आमच्या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. शेवटच्या झेंड्याकडे निघालो तेव्हा दादा छोटूपेक्षा एका फटक्यानं पुढे होते. तेवढ्यात वारा आला आणि मी उजवीकडच्या उंच गवतात जाऊन पडलो. काही बिघडलं नव्हतं. मी दिसण्यासारखा होतो, तिथून मारता आलं असतं.

दादा लंगडत येत होते. छोटू धावत पुढे आला. त्यानं मला पाहिलं, ठिपके पाहिले. मग मागे वळून भाऊ किती लांब आहे तेही पाहिलं. आणि नळाच्या पाण्यानं भिजलेल्या त्या मातीत त्यानं टाचेनं मला खोल दाबलं.

"दादा, इकडे सगळं बघितलं मी. तू तिकडे बघ."

चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही तर एका फटक्याचा दंड, आणि परत मागे जाऊन पहिल्याच जागेवरून मारायचं. फटके मोजून लिहायला नर्सबाई होत्या. घड्याळाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "झाली हो दादा, तीन मिनिटं." दुसऱ्यांना चष्मे विकणारा तो माणूस माझ्यावर उभा राहून मान हलवत होता. वर दादांचा आवाज आला, "पोरानं किती शोधलं रे! बूट बघ कसे भरलेत." आणि त्यांनी खाली बसून, त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसून, काडीनं छोटूच्या बुटाचा चिखल काढला. मला ओरडता आलं असतं तर!

दादा एका फटक्यानं हरले. फळीवर पाचव्यांदा छोटू.

दोन महिन्यांनी माळ्यानं जमीन उकरली तेव्हा मी बाहेर आलो. त्यानं मला धुऊन काउंटरवरच्या जुन्या चेंडूंच्या टोपलीत टाकलं. नव्या गुडघ्याचे दादा काठी टेकत चहाला आले आणि त्यांनी मला ओळखलं.

"कुठे मिळाला रे हा?"

"शेवटच्या झेंड्याजवळ, उजवीकडं," माळी म्हणाला. "पार आत रुतलेला. वर टाचेचा खड्डा होता."

दादांनी मला खिशात टाकलं. थोड्या वेळानं छोटू आला.

"छोटू, त्या दिवशी तू नीट शोधलं होतंस ना रे?"

"आईशपथ, दादा! इंच न् इंच बघितला."

दोघांची आई एकच. खिशात दादांची मूठ माझ्याभोवती आवळत गेली. "बरं," एवढंच म्हणाले आणि गार झालेला चहा संपवला.

आता ते खेळत नाहीत. दर मंगळवारी छोटूचा खेळ बघायला मात्र येतात, मला मुठीत धरून. परवा छोटूचा चेंडू झाडीत गेला. तो दादांच्या काठीपासून वीतभर अंतरावर पडला होता. मी पाहिला, दादांनीही पाहिला.

"दादा, दिसला का रे?"

"नाही रे बाबा. तू तिकडे बघ."

इतकी वर्षं त्यांनी स्वतःचा साधा एक फटकाही कधी कमी लिहिला नव्हता. बाबांनो, तुमच्यापैकी कुणी त्या मैदानावर गेलं तर दादांच्या हातून मला घ्या आणि पुन्हा त्याच मातीत पुरा. मी सापडलो नसतो तर बरं झालं असतं.