पाठ नसलेली ओळ

रुम्यानाने पुस्तकातलं चित्र हाताने झाकलं आणि वेसेला वाचायची थांबली.

तोवर ती धडाधड वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं, पण तोंड बोटाच्या दोन शब्द पुढेच होतं. रुम्यानाला खटकलं ते हेच. तिने दुसरं पान उघडून तिथलंही चित्र झाकलं.

"बाई, हात काढा ना. दिसत नाहीये."

"अक्षरं दिसतायत की."

"अक्षरांत काय असतं!" वेसेला म्हणाली.

म्हणजे पोरीला अख्खं पहिलीचं पुस्तक पाठ होतं आणि वाचता एक शब्दही येत नव्हता. अक्षरांचा सण तर तोंडावर आला होता. त्या दिवशी पहिलीची मुलं छातीवर एकेक अक्षर लावून मंचावर येतात, एक ओळ वाचतात आणि मग सगळे मिळून चीज भरलेली बानित्सा खातात. ओळ आधीच घरी दिलेली असते. त्यामुळे पोराने ती वाचली की नुसती म्हटली, हे कुणालाच कळत नाही.

वेसेलाची आई इस्क्रा स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर कामाला होती. लेक फोनवर रोज धडे वाचून दाखवायची. ते वाचन समोर बसून ऐकायला ती रजा काढून येणार होती.

रुम्यानाने यंदा ओळी घरी पाठवल्याच नाहीत. पट्ट्यांवर नवी वाक्यं लिहिली आणि टोपलीत टाकली. मुलांनी ऐन वेळी एकेक उचलायची. दुसऱ्याच दिवशी वेसेलाची स्तोयना आजी शाळेच्या फाटकात उभी.

"रुम्याना, लहानपणी माझ्या अंगणातली चेरी चोरून खायचीस तू. आता माझ्याच नातीची शोभा करतेस होय?"

"आजी, तिला वाचता येत नाही."

"न यायला काय झालं? 'करकोचा आला, वसंत आला' कसं घडाघडा म्हणते!"

"तेच तर. म्हणते."

"तिची आई दोन दिवस बस हाकलत येणार, ती काय पोरगी अडखळताना बघायला?"

"बस ड्रायव्हर हाकतो, आजी."

"फार शिकलीस," आजी म्हणाली आणि निघून गेली.

रुम्याना हसली खरी, पण प्रश्न बरोबर होता. पोरगी खरंच अडखळली तर?

शाळा सुटल्यावर ती वेसेलाला थांबवून घेऊ लागली. टेबलावर चकत्या मांडायच्या: व्यंजनाला निळी, स्वराला लाल. नोस, म्हणजे नाक: निळी, लाल, निळी.

"न, ओ, स," वेसेला म्हणाली. "नओस."

आजीने प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटवून शिकवलं होतं. तो अ मध्ये लुडबुडायचा आणि शब्द जुळायचा नाही. रुम्यानाने ध्वनींचे दोन गट केले. श्वास पुरेल तोवर लांबवता येतात ते एका बाजूला: न्, म्, स्, ल्. तोंडातून सुटताक्षणीच संपतात ते दुसऱ्या: क्, प्, त्. सुरुवात फक्त लांबणाऱ्यांपासून.

"न् धरून ठेव. सोडू नकोस, तसंच ओमध्ये शिर."

वेसेला गुणगुणत राहिली. मग तिने मध्येच नाक चिमटीत धरलं आणि आवाज तुटला.

"बाई! नाक दाबलं की न् बंद पडतो!"

"आणि स्?"

तिने करून पाहिलं. "तो चालूच राहतो."

"मग न् कुठून येतो?"

"नाकातून. न्‌न्‌न्‌ओस्‌स्." तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग ओरडलीच, "नोस! बाई, हे नाक आहे!"

त्यानंतर गाडी चालू लागली, पण बैलगाडीच्या वेगाने. दोन व्यंजनं शेजारी आली की ती अजून रुतायची. सणाच्या सकाळी टोपलीत वर एक सोपी पट्टी ठेवावी, असं रुम्यानाच्या मनात आलं. तिने हात घातलाही, आणि काढून घेतला.

मंचावर वेसेलाच्या हाताला पट्टी आली: 'कोस नोसी स्लामा'. कस्तूर पक्षी गवताच्या काड्या नेतो.

"क्…ओस्‌स्. कोस." बोट पुढे सरकलं. "नो…सी. नोसी." मग ती थांबली. बोट तिसऱ्या शब्दाखाली आणि तोंडही तिथेच.

पहिल्या रांगेतून आजीची कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. "करकोचा आला! म्हण, करकोचा आला!"

"आजी, इथे करकोचा नाहीये. कोस आहे."

लोक हसले. वेसेलाचे कान लाल झाले. मुख्याध्यापिका बाईंनी पोरीला सोडवायला टाळ्या सुरू केल्या. आजीशेजारून पोरीची आई, इस्क्रा, उभी राहिली.

"थांबा हो. तिचं व्हायचंय अजून."

टाळ्या थांबल्या. रुम्यानाने ओठ मिटून धरले. एक स् जरी सुचवला असता तरी काम झालं असतं.

"स्‌स्‌स्… ल्‌ल्…" श्वास संपला. वेसेलाने नवा घेतला. "स्‌स्ल्‌आ… स्ला…मा. स्लामा!"

मग तिने सगळं एका दमात वाचलं, पट्टी खाली केली आणि आईकडे बघितलं.

"घरट्यासाठी नेत असेल," ती म्हणाली. "पण ते इथे लिहिलेलं नाहीये."