पुसलेला एक

मित्रांनो, झाशीतल्या मुलींच्या एका शाळेचा मी जुना फळा. आता अडगळीत मोडक्या बाकांमागे पडून आहे. पण माझा राग त्यासाठी नाही.

झाशीजवळच्या एरच गावच्या सुताराने सागवानाच्या फळ्या सांधून मला घडवलं. स्वातंत्र्यानंतर सिव्हिल लाइन्समध्ये ही शाळा निघाली आणि मला आठवीच्या भिंतीवर बसवलं. माझ्यावर अक्षर कसं उठून दिसतं, याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक. पुढे गणिताला वामन मास्तर आले. घरी मराठी, वर्गात हिंदी. अक्षर सुरेख, आणि त्या सुरेख अक्षरात ते माझ्या अंगावर चूक लिहीत.

एके दिवशी त्यांनी बहुपदीला एकपदीने भागायला घेतलं. 6x² + 3x भागिले 3x. पहिल्या पदाचे 2x झाले. दुसऱ्या पदातल्या 3x वर त्यांनी काट मारली आणि म्हणाले, "कट गया, तो बचा क्या? कुछ नहीं. उत्तर 2x."

भानुमती नावाची मुलगी उठली. "सर, 3x में 3x का भाग दें तो एक आता है." पुढे येऊन तिने 2x च्या शेजारी + 1 लिहिला.

मास्तरांनी तो एक इतक्या जोरात पुसला की डस्टरचं लाकूड माझ्या अंगात घुसलं. "जबान लड़ाती है? गणित तेरे बस का नहीं. गृहविज्ञान ले!"

ती नुसती धमकी नव्हती. नववीत कोणत्या मुलीला गणित मिळायचं आणि कोणाला गृहविज्ञान, हे मास्तरांच्या शब्दावर ठरे.

दुसऱ्या दिवशी भानुमतीची आई, अनुसूयाबाई, मोठ्या बहनजींना म्हणजे मुख्याध्यापिकांना घेऊन थेट वर्गात आली.

"मुलीचं उत्तर का पुसलंत?"

"वहिनी, मुलगी उलट बोलते."

"उलट बोलते की बरोबर बोलते, तेवढं सांगा."

मोठ्या बहनजींनी खडू भानुमतीच्या हाती दिला. तिने x च्या जागी 2 घातले. वर 24 अधिक 6, म्हणजे 30. खाली 6. भागाकार 5. मग मास्तरांचं 2x काढलं, ते 4 आलं. स्वतःचं 2x + 1 काढलं, ते 5 आलं.

मोठ्या बहनजी म्हणाल्या, "मास्टरजी, लड़की गणित लेगी."

"भूल से रह गया होगा," मास्तर पुटपुटले.

चुकून? दर वर्षी तेच गणित, दर वर्षी तीच काट! मी ओरडू शकलो असतो तर सगळी झाशी जागी केली असती.

कारण भानुमतीच्या आधी कमल होती. मागच्या वर्षी तिनेही तो एक लिहिला होता आणि मास्तरांनी तोही पुसला होता. तिच्या बाजूने कोणी आलं नाही. आता ती नववीत गृहविज्ञानाला होती. भानुमतीची गोष्ट कळताच तीही मोठ्या बहनजींकडे गेली. त्या म्हणाल्या, "बेटी, अब तो साल निकल गया."

मधल्या सुट्टीत कमल रिकाम्या वर्गात आली. तिने तेच गणित मांडलं आणि शेवटी + 1 लिहिताना खडू इतका दाबला की तो तुटला. तुकडा भिंतीवर फेकून ती निघून गेली. तासाला मास्तर आले. त्यांनी वर पाहिलंही नाही. सगळं पुसून टाकलं.

मित्रांनो, मला रंग लावा, मला पुन्हा भिंतीवर बसवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच करा. डस्टर उचलण्याआधी वाचा. कोणी वेगळं उत्तर लिहिलं असेल, तर ते कसं आलं ते तिला विचारा. आणि ते बरोबर निघालं, तर तिच्या आधी जिचं पुसलंत, तिलाही बोलावून आणा.