पडद्याआडचा शेरा

विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइडच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बँडस्पर्धेच्या, चार वर्षांच्या चार चिठ्ठ्या होत्या. परीक्षक दर वर्षी वेगळा, शेरा मात्र एकच : ‘युफोनियम – अचूक, स्वच्छ, पण एक्स्प्रेसिव्ह नाही.’

यॉर्कशरच्या लोकरगिरणीत तीस वर्षे फिटर म्हणून काढलेल्या या माणसाला अचूक म्हणजे काय आणि स्वच्छ म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. तिसऱ्या शब्दाने मात्र त्याचे स्वास्थ्य हिरावले होते. हॅदरक्लफ गावच्या ब्रास बँडमध्ये, पोटाशी धरून फुंकायचे ते थोराड पितळी वाद्य तो बावीस वर्षे वाजवत होता, आणि संथ चालीतला एकट्याने वाजवायचा तुकडा त्याच्याकडेच असे. यंदा बँडमास्तर क्लिफर्ड ब्रिग्जने स्पष्टच बजावले होते : पाचव्यांदा तोच शेरा आला, तर तुकडा शेजारच्या खुर्चीतल्या मॉरीन थ्यूलिसकडे जाईल.

विल्फ्रेडने वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. ‘भावना पोहोचवणारा’, एवढाच अर्थ. पुढे उदाहरणे दोन, डोळ्यांचे आणि हातांचे. भावना किती पोहोचवायची, कोणत्या मापाने, याविषयी कोश गप्प होता. मग त्याने स्वतःच प्रत्येक सुराचा चढ-उतार पेन्सिलीने आखून काढला, आणि ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर दोन महिने घोटला.

“एडिथ, मी एक्स्प्रेसिव्ह आहे का गं?”

बायको बटाटे सोलत होती. “तू? लग्न लागल्यावर तू माझ्या बापाशी हात मिळवलास आणि मला म्हणालास, ‘बस सव्वाचारला आहे.’”

“सव्वाचारलाच होती.”

“होती की. चहा घे, निवतोय.”

स्पर्धेच्या दिवशी सभागृह तुडुंब भरले होते. मधोमध, चारही बाजूंनी पडदे ओढलेल्या लाकडी खोक्यात परीक्षक बसला होता. कोणता बँड वाजतो आहे, कोण फुंकतो आहे, हे त्याला दिसू नये, अशी तिथली जुनी रीत. आतून शिटी वाजली की सुरुवात करायची.

विल्फ्रेडला त्या पडद्यावरून नजर काढवेना. मनात आखलेले चढ-उतार एकमेकांत गुंतले. त्याने सुरांचा कागद मॉरीनच्या पुढ्यात सरकवला.

“तुकडा तू घे.”

“आत्ता? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं, मिस्टर अ‍ॅक्रॉइड?”

“तोंडाला कोरड पडलीय. घे म्हणतो ना!”

शिटी वाजली. क्लिफर्डने पाहिले, पण छडी वर गेलेली होती. आता बोलायची सोय नव्हती.

मॉरीन चोवीस वर्षांची, मागावर काम करणारी. शेजारी बसून बसून तो तुकडा तिला पाठ झाला होता. तिने सुरुवात साधीच केली. विल्फ्रेडचा पाय सवयीने ताल धरून होता. शेवटच्या उंच सुराच्या ठोक्याला पाय खाली आला, आणि सूर आला नाही. तिने तो क्षणभर अडवून धरला होता. विल्फ्रेडचा पाय पुन्हा उचलला गेला तो तसाच अधांतरी राहिला. सव्वाचारच्या बसच्या खिडकीशी बसलेली एडिथ त्याला दिसली, आणि तिला सांगायचे राहून गेलेले वाक्यही आठवले. मग सूर आला.

तासाभराने चिठ्ठी हाती आली. क्लिफर्डने ती बोळात वाचून दाखवली : “युफोनियम – अचूक, स्वच्छ, पण एक्स्प्रेसिव्ह नाही.”

मॉरीनचे कान लाल झाले. “ठेवा डब्यात. तुमची पाच झाली.”

विल्फ्रेडने चिठ्ठी हिसकावली आणि तो तडक निघाला. बोळाच्या टोकाशी परीक्षक खोक्याबाहेर येऊन, हातात चहाचा कप धरून पाय मोकळे करत होता.

“साहेब, हे तुम्ही लिहिलंत?”

“शेऱ्यावर चर्चा होत नाही, महाशय.”

“ती पोरगी थांबली, तेव्हा माझा पाय हवेत राहिला! बावीस वर्षांत ताल सोडला नव्हता मी! तुम्ही काय करत होतात तेव्हा? बिस्कीट बुडवत होतात?”

सगळा बोळ वळून पाहू लागला. क्लिफर्डने मागून कोट ओढला. “विल्फ, आवाज खाली!”

परीक्षकाने कपाळाला आठ्या घातल्या. “पोरगी? म्हणजे वाजवणारे तुम्ही नव्हेत?”

“नव्हे. मी भ्यालो,” विल्फ्रेड मागे आलेल्या मॉरीनकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाला. “वाजवलं हिनं.”

शेरा बदलला नाही. तशी रीतच नव्हती. परतीच्या बसमध्ये क्लिफर्ड शेजारी येऊन बसला.

“तुकडा यापुढे मॉरीनचा. चिठ्ठीमुळे नव्हे हं.”

“माहीत आहे. मी तिथेच तर बसलो होतो.”

क्लिफर्ड पुढे गेला. विल्फ्रेडची तीन बोटे गुडघ्यावर त्या तुकड्याच्या कळा दाबत राहिली. थांबायच्या जागी ती अडखळत. कधी लवकर पडत, कधी फार उशिरा. शेवटी तो मागे वळला.

“मॉरीन, किती थांबलीस तू तिथे? दीड ठोका?”

तिने खांदे उडवले. “मोजलं नाही.”

त्याने मान हलवली, समोर पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.