चौथा ठिपका

लाईट चालू.
नांदेडच्या थिएटरमध्ये तुळजाबाईंच्या गळ्यातली थायरॉइड काढायचं ऑपरेशन चाललं होतं. थायरॉइडमागच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी वाचवायच्या होत्या. त्या गेल्या की कॅल्शियम घसरून हातपाय वळतात. चरबीतून त्या ओळखाव्यात सर्जन ज्योत्स्ना मॅडमनीच. ते बघायला लातूरहून डॉक्टर यायचे.
आज मात्र सगळे ज्युनियर डॉक्टर सत्यमच्या, अंधारात या ग्रंथी उजळून दाखवणाऱ्या नव्या कॅमेऱ्याकडे बघत होते.
"मॅडम, लाईट बंद करावी लागेल," सत्यम म्हणाला.

लाईट बंद.
मॅडमना गळ्यातलं काहीच दिसेना. पडद्यावर तीन ठिपके उजळले.
"लई भारी दिसून राहिलंय, सर!" सिस्टर म्हणाली. मॅडमना ती असं कधीच म्हणाली नव्हती.

लाईट चालू.
"चौथी ही," मॅडमनी चिमट्यानं एक पिवळसर दाणा दाखवला.
"ती उजळली नाही, मॅडम. चरबी असेल."
"तुझ्या डब्याला दिसत न्हाई म्हणून?"
पडदा खोटा ठरावा, एवढंच त्यांना हवं होतं. सत्यमनं कॅमेरा ट्रेमधल्या कापलेल्या थायरॉइडवर धरला.

लाईट बंद.
चौथा ठिपका तिथं होता. मॅडमनीच तो थायरॉइडबरोबर कापून काढला होता.

लाईट चालू.
मॅडमनी ग्रंथी सोडवली, बारीक चिरली, मानेच्या स्नायूत पेरली. तिथं ती जगेल.
"काय हात आहे, मॅडम!" सत्यम म्हणाला.
त्याच्या तोंडून आलं म्हणून तेही टोचलं.
"कॅमेरा इकडं दे," त्या म्हणाल्या. "आणि यापुढं लाईट बंद करायला मी सांगणार."