शेवटचं रीळ

"पाचव्या नंबरला काय लिहू ते एकदा ठरवा. ब्रश वाळाय लागलाय," लालासाहेब म्हणाले.

ते अंगणात पाटावर बसले होते आणि समोर भिंतीला टेकवलेला काळा फळा होता. या फळ्यावर एके काळी 'दिलखुश टॉकीज'चे खेळ लिहिले जायचे. टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं, तेव्हा मालकानं टाकून दिलेला हा फळा लालासाहेबांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून नागसेन खरातांच्या घरी आणून ठेवला. रहिमतपुरातल्या दिलखुशचे सगळे बोर्ड लालासाहेबांनी रंगवलेले. नागसेन तिथं एकतीस वर्षं ऑपरेटर होते आणि शालूबाई बायकांच्या तिकिटखिडकीवर. टॉकीज गेली, तरी या तिघांची नोकरी काही सुटली नव्हती. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ते जमायचे आणि गेल्या पाच वर्षांतले पाच चांगले पिक्चर ठरवायचे. नागसेनची मुलगी प्रियदर्शनी सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. गेली अकरा वर्षं तीही या दिवशी भडंगाची पिशवी घेऊन न चुकता यायची.

"पाचव्याला 'काळकेसरी' लिहा," लालासाहेब स्वतःच म्हणाले आणि ब्रश बुडवला.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "त्या पिक्चरमदी हिरो एका हातानं ट्रक उचलतोय."

"मग? तुमाला दोन हातानं पायजे का?"

"मला ट्रक रस्त्यावर पायजे."

"आक्का, साऊथच्या पिक्चरला असं इचारायचं नसतंय. मी थेटरात शिट्टी मारली. ह्या वयात. दात पडायची येळ आली माजी."

नागसेन चहा गाळत होते. हसू आलं की ते एक डोळा बारीक करायचे. एकतीस वर्षं प्रोजेक्टरच्या खोलीच्या भिंतीतल्या भोकातून पडद्याकडं बघितल्यामुळं ती सवयच झाली होती. "लिव, लिव," ते म्हणाले. "शिट्टीला बी एक नंबर पायजेच की."

पाचवा लागला. चौथा आणि तिसरा वादावादीत लागले. त्या वादात भडंग निम्मं संपलं आणि शेजारचा कुत्रा उठून दुसऱ्या अंगणात गेला. राहिले पहिले दोन. तिथं गेल्या वर्षीचंच भांडण पुन्हा उभं राहिलं.

एका बाजूला 'सव्वातीनची एसटी'. गावाकडच्या कंडक्टरची गोष्ट. रोज सव्वातीनला येणारी एक म्हातारी एके दिवशी येत नाही आणि कंडक्टर गाडी सोडत नाही, एवढंच त्यात घडतं. हा आप्पांचा, म्हणजे नागसेनचा पिक्चर. दुसऱ्या बाजूला 'सातवा हौद'. तो प्रियाचा. तिनं तो चार वेळा बघितला होता, त्यावर एक लेख लिहिला होता, आणि अकरा वर्षांत आपण सुचवलेला एकही पिक्चर पहिला आला नाही हे तिच्या मनात चांगलंच ठसलं होतं. पोरीचा चौथा, पोरीचा दुसरा, एकदा तर पोरीचा बाद. यंदा ती वकिलासारखी तयारी करून आली होती.

पहिल्या नंबरची पद्धत ठरलेली होती. दिलखुशची उरलेली गुलाबी बाल्कनीची तिकिटं शालूबाईंनी जपून ठेवलेली. प्रत्येकाला एक तिकीट. मागं पिक्चरचं नाव लिहायचं आणि शालूबाईंकडं द्यायचं, त्या फाडणार. फाडलेलं तिकीट बदलून मिळत नाही. शालूबाई स्वतः मत देत नसत. खिडकीवरच्या माणसानं पिक्चरबद्दल बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. बाकी दिवसभर त्या बोलतच असत, हा भाग वेगळा.

आणि दुसरा नियम: भांडणातले दोन्ही पिक्चर पुरते बघितल्याशिवाय मत नाही.

लालासाहेबांनी 'एसटी' लिहिलं. प्रियानं 'हौद'. दोन्ही तिकिटं फाडून झाली. नागसेननी आपलं तिकीट हातात घेतलं, तेव्हा शालूबाई म्हणाल्या, "आवं भाऊ, 'हौदा'च्या शेवटाला त्या बाईचं काय होतं?"

आप्पांनी तिकीट उलटसुलट केलं.

"सांगा की. घरात टीवीवर बघितला न्हवं?"

"बघितला."

"मग?"

"ती... पाणी भरती."

"ते मदी. शेवटाला?"

आप्पांनी चहाचं भांडं उगीच उचलून परत ठेवलं. "शेवटाला मी उठलो."

लालासाहेब पाटावरून पडायचेच राहिले. "परत? प्रिया, तुज्या बानं जलमात एका पिक्चरचा शेवट बघितला न्हाई. शेवटचं रीळ चढलं की ह्यो आदलं रीळ उलटं गुंडाळाय बसायचा. हिरो मेला का जगला, ह्ये त्याला मी सकाळी सांगायचो."

"हात आपोआप उठत्यात, गड्या. धा मिनिटं राहिली की अंगात येतंय."

"आप्पा, टीव्हीला कुठलं रीळ?" प्रिया म्हणाली.

"न्हाई ना. मी उठलो, कायच गुंडाळाय न्हवतं, मग च्या ठेवला."

"आणि 'एसटी'चा शेवट बरा बघितलात."

"तवा लालानं साताऱ्यात माजा सदरा धरून ठिवलेला."

मत रद्द करायचं की कसं, यावर बराच वेळ गेला. शेवटी निकाल शालूबाईंनी दिला: भाऊंनी 'हौद' परत बघायचा, बसून, शेवटपर्यंत. शालूबाईंच्या घरी येऊन, त्यांच्यादेखत. मग तिकीट द्यायचं. तोवर पहिली ओळ कोरी. लालासाहेबांनी दोन ते पाच लिहिण्याची तयारी केली, पण दुसरा कोण हेही अडलं होतं, म्हणून त्यांनी फक्त तीन ते पाच रंगवले आणि वर दोन ओळींची जागा सोडून ब्रश धुऊन टाकला.

"माना बघितल्या असत्या तर मी आत्ताच सांगितलं असतं," आप्पा म्हणाले. "घरात माना कुठनं आणू?"

माना म्हणजे आप्पांची परीक्षा. भोकातून पडदा दिसायचा, पण पडद्याच्या आधी दिसायच्या लोकांच्या माना, मागून. पिक्चर पडेल असला की पहिल्या अर्ध्या तासात माना इकडंतिकडं व्हायला लागायच्या. चांगला असला की हलायच्या नाहीत. पाचशे माना, जशा काही मांडून ठेवलेल्या. अजूनही साताऱ्याला पिक्चर बघायला गेले की आप्पा शेवटच्या रांगेतलीच खुर्ची मागायचे.

"आणि तुमच्याकडं कधी वळतात माना?" लहानपणी प्रियानं विचारलं होतं.

"रीळ तुटलं की. शिव्या द्यायला."

*

प्रियाला संध्याकाळच्या पॅसेंजरला सोडायला आप्पा रिक्षानं स्टेशनवर आले. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बाकावर बसून दोघांनी उरलेलं भडंग खाल्लं.

"तुज्या कॉलेजात आमची यादी दावतीस न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"दरवर्षी. चित्रपट मंडळाचा पहिला खेळ तुमच्या एक नंबरचाच असतो."

"मग पोरं इचारत न्हाईत, कोण ही माणसं?"

"विचारतात की."

"काय सांगतीस?"

प्रियानं हातावरचे शेंगदाणे बघितले. "सांगते, सातारा जिल्ह्यातली जाणकार मंडळी आहेत."

आप्पा आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवत हसले. "जाणकार. लालाला सांगाय पायजे. त्येला वाटंल, दुसऱ्याच कुठल्या लालाची गोष्ट चाललीया."

ती पण हसली. पण तिला आठवायचं ते आठवलंच. ती नववीला साताऱ्यात वसतिगृहात होती. तिच्या खोलीतल्या मुलीच्या आईनं विचारलं होतं, वडील काय करतात. ती पटकन म्हणाली होती, वीज मंडळात आहेत. आणि मागं दोन पावलांवर आप्पा डबा घेऊन उभे होते. त्यांनी तो तिच्या हातात दिला. एसटी स्टँडवर निघताना एवढंच म्हणाले, "दोन्हीकडं दिव्याचंच काम की." त्यानंतर तीस वर्षं झाली. ती प्राध्यापक झाली, सिनेमावर लिहायला लागली, लोकांनी विचारलं की वाचनातून आवड लागली असं सांगत राहिली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. फक्त वडील खरं काय करायचे हे सांगणारं वाक्य बोलायची वेळ निघून गेल्यासारखी झाली होती.

"आप्पा," ती म्हणाली.

"गाडी आली बघ. पिशवी घे. आणि उद्या दुपारी मी आक्काकडं जातोय, तुजा 'हौद' बघाय. एक नंबर आला तर पेढं तुजं."

*

गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता आप्पा खाली बसले, ते उठले नाहीत.

आप्पा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. अंगणात फळा तसाच भिंतीला टेकलेला होता, वरच्या दोन ओळी कोऱ्या. शालूबाईंनी प्रियाला पायरीवर बसवलं, कनवटीची पिशवी सोडली आणि त्यातून फाडलेलं गुलाबी तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं.

"सोमवारी आलता. दुपारी दोनला. मी दाराला कडी लावली, म्हणलं आता बघते कसा उठतोस. धा मिनिटं राहिली आन् ह्याचे पाय हलाय लागले. मी म्हणलं, भाऊ, बसा. मांडीवर दोन्ही हात दाबून बसला. शेवटापतूर."

"मग?"

"पडद्यावर सगळी नावं सरली, तरी उठंना. म्हणला, आक्का, लय येळा ह्येच बघायचं राहून गेलं."

प्रियाला विचारवेना. शालूबाईंनीच सांगितलं, "तिकीट उलटं करून बघ की."

मागं पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एसटी.

"म्हणला, पोरीला सांगा, पिक्चर भारी हाय. शेवट तर लयच. पण पोरीचा हाय म्हणून नंबर देणार न्हाई. थेटरात माना हलतील त्यात मदी."

प्रिया आधी हसली. अकरा वर्षं. बाराव्यांदाही. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि लालासाहेब लांबून ओरडले, "काय झालं गं?" तर शालूबाई म्हणाल्या, "काय न्हाई. ब्रश काढा. तुमचा पिक्चर जितला."

लालासाहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि पहिल्या ओळीवर लिहायला बसले. अक्षर एकही वाकडं आलं नाही. दुसऱ्या ओळीवर त्यांनी 'सातवा हौद' लिहिलं आणि खाली, कुणी न सांगता, एक फुलाची वेल काढली. अशी वेल ते पूर्वी फक्त पंचवीस आठवडे चाललेल्या पिक्चरला काढायचे.

*

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी, सांगलीच्या कॉलेजच्या सभागृहात चित्रपट मंडळाचा खेळ होता. पडदे ओढले होते. सव्वाशे-दीडशे मुलं. 'सव्वातीनची एसटी'.

एरवी प्रिया पहिल्या रांगेत बसायची. या वेळी ती मागं गेली. टेबलावर प्रोजेक्टर होता, त्याला कसलंच रीळ नव्हतं, लक्ष द्यावं असं काहीच नव्हतं. तरी ती त्याच्याशेजारी उभी राहिली, भिंतीला पाठ लावून.

पडद्यावर कंडक्टर घड्याळ बघत होता. प्रवासी कुरकुरत होते. प्रियानं पडद्यावरची नजर खाली आणली. वेण्या, टोप्या, कानातले डूल, मशीननं कापलेले केस. एकाही हातात मोबाईल चमकत नव्हता. म्हातारी अजून आली नव्हती. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली आणि सोडून दिली. दीडशे माना होत्या, आणि त्यातली एकही हलत नव्हती.

तिनं हा पिक्चर तीनदा बघितला होता आणि त्यात दहा उणिवा काढल्या होत्या. हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं राहिली. तिनं दोन्ही हात पाठीमागं भिंतीवर दाबून धरले.

नावं संपली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. मंडळाची सचिव सोनिया माईक घेऊन पुढं आली. तिनं यादी वाचली, एक ते पाच. 'काळकेसरी'ला मुलांनी शिट्ट्या मारल्या. मग तिनं रांगांवरून नजर फिरवली, मॅडमना शोधत. "मॅडम, मला दोन वर्षांपासून विचारायचंय," ती म्हणाली. "हे जाणकार म्हणजे नक्की कोण आहेत? कुणी समीक्षक आहेत का?"

"मी इथं आहे," प्रिया म्हणाली.

आवाज मागून आला, तशा सगळ्या माना एकदम मागं वळल्या. दीडशे चेहरे, प्रोजेक्टरकडं.

"एक बोर्ड रंगवायचे. एक तिकिटं द्यायच्या," ती म्हणाली. "आणि ज्यांनी पहिला नंबर दिला, ते नागसेन खरात. रहिमतपूरच्या दिलखुश टॉकीजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. माझे वडील. मला सिनेमा बघायला त्यांनी शिकवलं."