दादाने मोडलेल्या तबकड्या

दादाला आपल्या घरी आणायला चिमणी एका शब्दावर तयार झाली, याचं साऱ्या नातेवाइकांना कौतुक वाटलं. चिमणी हे तिचं घरातलं नाव, पन्नाशी उलटली तरी चिकटून राहिलेलं. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. लग्न केलं नाही, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. दादा पडला, खुब्याचं हाड मोडलं. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वहिनी जाऊन तीन वर्षं झालेली. मुलाने परदेशातून फोन केला, "आत्या, काही महिने सांभाळशील का?"

"आण की," ती म्हणाली.

तिने दादाचा पलंग बाहेरच्या खोलीत लावला, बरोबर रेकॉर्ड प्लेअरच्या समोर.

विशीत असताना तिने पगारातून एकेक अल्बम जमवला होता. कामावरून आली की पाय पसरून ऐकत बसायची. त्याच सुमारास दादाने तिच्यासाठी एक स्थळ आणलं. ती नाही म्हणाली. "या गाण्यांनीच डोकं फिरवलंय तुझं," असं म्हणत त्याने एकेक तबकडी गुडघ्यावर ठेवून मोडली. तबकडी आधी वाकते, मग काडकन जाते. बाबा शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते थोडं वर धरलं, इतकंच.

पुढे वेगळं बिऱ्हाड केल्यावर तिने ते सगळे अल्बम पुन्हा मिळवले. जुन्या बाजारात, कुणाकुणाच्या माळ्यांवर. काही मिळायला वर्षं गेली. जहाजाचं चित्र असलेल्या अल्बमची तिची आधीची तबकडी तिसऱ्या गाण्यात अडखळायची. नवी अडखळत नव्हती, पण त्या जागी तिचा श्वास अजून थांबायचा. कुणालाही न विचारता, स्वतःच्या बळावर आयुष्य काढता येईल हे तिला पहिल्यांदा वाटलं ते याच गाण्यांच्या संगतीत. म्हणून ती तिची होती.

दादा आला त्याच संध्याकाळी तिने पहिली तबकडी लावली.

"ही ओळखतोस?"

दादा कव्हरकडे बघत राहिला. "नाही बुवा."

"हिच्यापासून सुरुवात केली होतीस. उद्या दुसरी लावते."

त्याला पलंगावरून हलता येत नव्हतं, जाणार कुठे? रोज संध्याकाळी ती समोर खुर्ची टाकून बसायची, त्याने मोडल्या त्याच क्रमाने तबकड्या लावायची आणि त्याचं तोंड बघायची. त्याला गाणी कधीच सोसली नव्हती. तो उशीत डोकं खुपसायचा. तिला आतून गार वाटायचं.

एकदा तो वैतागून म्हणाला, "चुकलं माझं. आता तरी आवाज कमी कर ना, डोकं उठलंय."

हे दोन शब्द ऐकायला तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. आणि आले ते असे, आवाज कमी करून घेण्यासाठी! तिने तबकडी उलटली आणि आवाज वाढवला.

मग काही आठवड्यांनी एका दुपारी दुकान लवकर बंद झालं. घरी येते तो आतून गाणं ऐकू येतंय. दादाकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई टाळ्या वाजवत होत्या आणि दादा वॉकर धरून तालावर पावलं टाकत होता.

"अहो ताई, काय जादू केलीत!" बाई म्हणाल्या. "गाणं लागलं की काका स्वतःहून उठतात. आज त्यांनीच लावायला सांगितलं, जहाजवालं."

"छान आहे गं हे," दादा लाजत हसला. "तेव्हा कधी नीट ऐकलंच नाही."

चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाईंना चहा दिला, हसून निरोप दिला आणि प्लेअर, स्पीकर, सगळे अल्बम उचलून आपल्या खोलीत नेले.

"आज नाही लावणार?" संध्याकाळी दादाने विचारलं.

"लावणार. आत."

तिने दार लावून कडी घातली आणि जहाजवाली तबकडी लावली. इतके दिवस ती गाणं ऐकतच नव्हती, दादाचं तोंड वाचत होती. आज भिंतीला टेकून, पाय पसरून तिने डोळे मिटले. तिसरं गाणं आलं, श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. किती दिवसांनी!

बाहेर वॉकरची टकटक दारापर्यंत आली.

"चिमणे, दार उघड ना. तो बासरीचा तुकडा येतो, तेवढा तरी ऐकू दे."

तिने हात लांब केला आणि आवाज कमी केला. आणखी कमी. फक्त स्पीकरला कान लावलेल्या माणसाला ऐकू येईल इतका.

"काहीच ऐकू येत नाहीये गं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"पाय दुखतायत माझे."

"खुर्ची आहे तिथे. बस."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चिमणीने कान स्पीकरला टेकवला. बासरी नुकतीच सुरू होत होती.